नव्या जगाचे शोधक आणि आपल्या वाड्यांतील झाडें

डहाणू-तलासरी भागांतील बागाईतदारास त्याच्या उत्पन्नाचें मुख्य झाड कोणतें असें विचारलें, तर तो बहुधा चिकूचेंच नांव घेईल. घोलवड-बोर्डीपासून डहाणूपर्यंतच्या समुद्रपट्टींत या झाडानें असें मूळ धरलें आहे कीं, येथील चिकूस भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. सरावलीसारख्या गांवांत वाढलेल्या मुलास हें झाड परदेशचें आहे असें सांगितलें, तर त्याचा विश्वास बसणें कठीण. तथापि वस्तुस्थिति अशी आहे कीं, चिकूचें माहेर मेक्सिकोच्या दक्षिण भागांत व त्यास लागून असलेल्या मध्य अमेरिकेच्या अरण्यांत आहे. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं ते प्रांत जिंकले नसते, तर हें झाड आशिया खंडांत केव्हां व कसें आलें असतें हें सांगतां येत नाहीं.

शाळेंत आपण सर्वजण शिकलों कीं, १४९२ सालीं कोलंबसानें अमेरिकेचा शोध लाविला. ज्या भूमीवर हजारों वर्षें लोक नांदत होते, शेतें पिकवीत होते व शहरें बांधीत होते, तिचा कोणा खलाशास "शोध" लागला हें म्हणणें शेतकऱ्याच्या कानास तरी खटकावयास हवें. आपल्या शिवारांत एखादा परका इसम शिरून "ही जमीन मला आज सांपडली" असें म्हणूं लागला, तर आपण त्यास काय उत्तर देऊं? प्रस्तुत लेख केवळ इतिहासाची हौस भागविण्यासाठीं लिहिलेला नाहीं. ज्यांनीं बीं घेतलें, जमीन घेतली, श्रम घेतले, परंतु मूळ शेतकऱ्याची विद्या व त्याचा मान यांकडे पाठ फिरविली, त्यांच्या पदरांत काय पडलें हें पाहावें, आणि तोच ताळा आपल्या तालुक्याच्या हिशेबास लावून पाहावा, एवढीच वाचकांस विनंति आहे.

अमेरिकेंतून आपल्याकडे आलेल्या पिकांची यादी लहान नाहीं. मिरची, बटाटा, रताळें, टोमॅटो, मका, भुईमूग, तंबाखू, काजू, पपई, पेरू, अननस, सीताफळ, रामफळ आणि चिकू, हीं सर्व मूळचीं तिकडचीं. सोळाव्या शतकापूर्वीं आपल्या स्वयंपाकघरांत मिरची नव्हती. तिखटाचें काम मिरीं व आलें यांवर भागत असे. पुष्कळ नांवांतून ही वंशावळ अजून दिसते. बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनीं आणला, परंतु तो त्यांचाही नव्हे. कॅरिबियन बेटांतील ताईनो लोक रताळ्यास त्या नांवानें ओळखत. काजू व अननस हे शब्द दक्षिण अमेरिकेंतील तुपी-ग्वारानी भाषांतून आले. टोमॅटो हा शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेचा, आणि चिकू हाही तिकडचाच. स्पॅनिश लोकांनीं नाहुआत्ल नांवाचा अपभ्रंश करून या फळास "चिकोसापोते" म्हटलें. उलट सीताफळ व रामफळ यांस आपल्या लोकांनीं अशीं घरगुती नांवें दिलीं कीं, तीं झाडें परकीं असतील अशी शंकाही कोणास येत नाहीं.

हीं पिकें त्या देशांत रानावनांत आयतीं पडलेलीं नव्हतीं. मक्याचा पूर्वज तेओसिंते नांवाचें एक गवत आहे. त्याच्या बोटभर कणसास दहा-बारा दगडासारखे टणक दाणे येतात. त्या गवतापासून आजचा भरघोस मका करण्याचें काम मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनीं सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं आरंभिलें व पिढ्यानपिढ्या बीं निवडून तडीस नेलें. ते मका, घेवडा व भोपळा एकाच वाफ्यांत लावीत. घेवडा मक्याच्या ताटावर चढे आणि जमिनीस नत्र देई. भोपळ्याचीं पानें भुई झांकून ओल राखीत व तण दाबीत. आपल्याकडे नाचणींत तूर-उडीद घालणाऱ्या शेतकऱ्यास यांतील मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. मेक्सिकोच्या सरोवरांत गाळ व गवत यांचे थर देऊन केलेले "चिनांपा" नांवाचे वाफे वर्षांतून अनेक पिकें देत. पेरूच्या पहाडांत बटाट्याच्या शेंकडों जाती होत्या, आणि रात्रीच्या हिमांत गोठवून व दिवसाच्या उन्हांत वाळवून तो वर्षानुवर्षें टिकविण्याची कृति तेथील लोकांस अवगत होती. चिकूच्या लांकडाचें सांगावयाचें तर, माया लोकांनीं तिकाल येथील देवालयांच्या दारांवर बसविलेल्या कोरीव चिकूच्या तुळया बाराशेंहून अधिक वर्षें टिकल्या आहेत.

अशा लोकांशीं स्पॅनिश दर्यावर्दींची गांठ पडली ती कशी, हें आतां पाहूं. १२ ऑक्टोबर १४९२ रोजीं कोलंबस बहामांतील एका बेटावर उतरला. तेथील ताईनो लोकांनीं त्याचें स्वागत केलें, पाणी दिलें, अन्न दिलें. त्याच दिवसाच्या नोंदींत कोलंबसानें लिहिलें कीं, हे लोक उत्तम चाकर होतील. पुढें १४९५ सालीं त्यानें सुमारें ५०० ताईनो स्त्रीपुरुष गुलाम म्हणून स्पेनास पाठविले. हिस्पानिओला बेटावर त्यानें असा कर बसविला कीं, चौदा वर्षांवरील प्रत्येक इसमानें दर तीन महिन्यांनीं ससाण्याच्या पायांस बांधावयाचें घुंगरूं भरेल इतकें सोनें द्यावें, आणि जेथें सोनें नाहीं तेथें कापूस द्यावा. नदीच्या वाळूंत सोन्याचे कण वेंचण्यांत हंगाम निघून जाऊं लागला. पुष्कळ लोक शेतें टाकून डोंगरांत पळाले, आणि दुष्काळ पडला. जो कर शेताच्या पिकाकडे न पाहतां बसविला जातो, तो शेतकऱ्यास शेतावरून उठवितो, हा धडा त्या बेटावर मिळाला.

त्यानंतर "एन्कोमिएंदा" नांवाची पद्धति रूढ झाली. या शब्दाचा अर्थ सोंपवणूक. राजा एखाद्या स्पॅनिश गृहस्थाच्या हातीं अमुक इतके मूळ रहिवासी सोंपवी. त्यानें त्यांचें रक्षण करावें, त्यांस धर्म शिकवावा, आणि मोबदल्यांत त्यांच्याकडून श्रम व वसूल घ्यावा, असा लेखी करार असे. वसूल नियमानें झाला. रक्षण कागदावरच राहिलें. १५१३ पासून दुसरा एक कागद प्रचारांत आला. स्पॅनिश सैन्यानें हल्ला करण्यापूर्वीं "रेकेरिमिएंतो" म्हणजे मागणीपत्र वाचून दाखवावयाचें. त्यांत पोप व राजा यांची सत्ता मान्य करा, न केल्यास युद्ध होईल व दोष तुमच्या माथीं राहील, असा मजकूर असे. तें वाचावयाचें स्पॅनिश भाषेंत, ऐकणारास कळो वा न कळो. कित्येकदां तर तें ओसाड गांवासमोर वा झाडांसमोर वाचून काम उरकलें जाई. कायद्याची पूर्तता झाली, आणि ज्याच्याविरुद्ध ती झाली त्यास पत्ताही नाहीं! हा प्रकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गरज पडणार आहे.

मेक्सिको व पेरू यांच्या पाडावाची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. कोर्तेस १५१९ सालीं मेक्सिकोच्या किनाऱ्यास लागला आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजीं अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. हा विजय मूठभर स्पॅनिशांच्या तरवारीनें मिळविला असें मानणें चुकीचें आहे. अझ्टेकांच्या खंडणीस कंटाळलेले त्लाश्कालाचे हजारों योद्धे कोर्तेसाच्या बाजूनें लढले, आणि १५२० सालीं आलेल्या देवीच्या सांथीनें शहर आंतून पोखरलें होतें. पेरूंत पिझारोनें १५३२ सालीं इंका सम्राट अताहुआल्पा यास कपटानें पकडलें. एक खोली सोन्यानें भरून खंडणी घेतली, आणि दुसऱ्या वर्षीं त्यास ठार मारलें. घरांत फूट असली म्हणजे परक्यास दार फोडावें लागत नाहीं, हें आपल्या देशास नव्यानें सांगावयास नको.

स्पॅनिश लोकांत सारेच निर्दय होते असें मात्र नाहीं, आणि न्यायबुद्धीनें लिहावयाचें तर हेंही सांगितलें पाहिजे. डिसेंबर १५११ मध्यें मोंतेसिनोस नांवाच्या साधूनें हिस्पानिओलाच्या देवळांत जमलेल्या जमीनदारांस उघड विचारलें कीं, या लोकांस राबविण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? लास कासास हा धर्मोपदेशक स्वतः एन्कोमिएंदाचा धनी होता. १५१४ सालीं त्यानें आपल्या ताब्यांतील माणसें सोडून दिलीं आणि उरलेलें दीर्घ आयुष्य मूळ रहिवाशांची बाजू मांडण्यांत घालविलें. त्याच्या खटपटीनें १५४२ सालीं नवे कायदे झाले. परंतु पेरूंतील जमीनदारांनीं बंड केलें, आणि मुख्य कलमें ढिलीं पडलीं. याच लास कासासनें आरंभीं अशी सूचना केली होती कीं, बेटांवरील लोकांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेंतून गुलाम आणावे. पुढें त्यास त्याचा फार पश्चात्ताप झाला. एकाच्या मानेवरचें जूं काढून दुसऱ्याच्या मानेवर ठेवल्यानें पाप फिटत नाहीं.

आतां शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जिंकणारांनीं बीं नेलें. विद्या नेली नाहीं. मेक्सिकोच्या स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यांत उकळून, धुऊन, मग वाटीत. युरोपांत मका गेला, पण चुन्याची कृति गेली नाहीं, कारण ती "रानटी" लोकांची रीत, तिला कोण विचारतो! परिणाम असा झाला कीं, जेथें गरीब शेतकरी मक्यावरच जगूं लागला तेथें पेलाग्रा नांवाचा रोग पसरला. कातडी फुटे, पोट बिघडे, बुद्धि भ्रमे, आणि शेवटीं मृत्यु येई. स्पेनाच्या आस्तुरियास प्रांतांत कासाल नांवाच्या वैद्यानें १७३५ सालीं त्याचें वर्णन केलें. इटलीच्या उत्तर भागांत तर त्यानें कहर केला. मक्यांतील एक जीवनसत्त्व चुन्यावांचून शरीरास लागू पडत नाहीं, व त्याच्या अभावानें हा रोग होतो, हा उलगडा पूर्ण होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. मेक्सिकोच्या चुलीपाशीं बसून एक प्रश्न विचारला असता, तर लाखों माणसें वांचलीं असतीं. बटाट्याचेंही तेंच. पहाडांतील शेंकडों जातींपैकीं मोजक्याच युरोपांत रुजल्या. आयर्लंडांतील गरिबांनीं मुख्यतः एकाच जातीवर भिस्त ठेवली, आणि १८४५ सालीं करपा आला तेव्हां सारा देश उपाशी पडला. सुमारें दहा लाख लोक मेले. मूळ शेतकऱ्याचा अनादर हा नुसत्या नीतीचा प्रश्न नाहीं. तो पुढें पिकांतून व अन्नांतूनही भोंवतो.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडचें, त्याचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध आहे. १५३४ सालीं गुजराथच्या सुलतानानें वसई पोर्तुगीजांस दिली, १५५९ सालीं त्यांनीं दमण घेतलें, आणि डहाणू-तारापूरचा किनारा त्यांच्या अमलाखालीं गेला. १५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन व पोर्तुगाल यांच्या गादीवर एकच राजा होता; म्हणजे मेक्सिको व पेरूचा जो धनी, तोच आपल्या किनाऱ्याचाही. येथेंही गांवेंच्या गांवें पोर्तुगीज सरदारांस तीन हयातींच्या करारानें दिलीं जात. कसणारा कुणबी जमिनीवर, आणि उत्पन्नाचा मालक किल्ल्यांत वा शहरांत. १७३९ सालीं चिमाजी आप्पाच्या मोहिमेंत हा अंमल संपला, आणि आपण त्याचा अभिमान बाळगतों तो योग्यच आहे. परंतु परकी निशाण उतरलें म्हणून परकी रीतही गेली, असें होत नाहीं.

या भागांतील वारली लोकांकडे पाहावें. वारली या नांवाची एक व्युत्पत्ति अशी सांगतात कीं, "वरल" म्हणजे जमिनीचा लहान तुकडा, आणि तो कसणारा तो वारली. मेक्सिकोचे लोक जसे मक्याच्या देवतेस भजत, तसे वारली कणसरी या धान्यदेवतेस भजतात. इंग्रजी अमलांत सारा रोकड भरावा लागूं लागला, सावकार आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जमिनी हातोहात गेल्या. ज्या कागदांवर अंगठे उठले, ते कागद अंगठा देणारास वाचतां येत नव्हते. वर सांगितलेल्या मागणीपत्राची आठवण येथें वाचकांनीं करावी. लग्नासाठीं पांचपन्नास रुपये उचलावे आणि नवराबायकोनें वर्षानुवर्षें सावकाराच्या घरीं राबावें, अशा माणसास "लग्नगडी" म्हणत. त्याशिवाय जमीनदाराची वेठ होतीच. १९३८ च्या सुमारास सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानें मुंबई इलाख्यांतील आदिवासींची चौकशी करून ही स्थिति सरकारपुढें मांडली. २३ मे १९४५ रोजीं आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानें वारल्यांची परिषद भरली, आणि वेठ बंद, लग्नगडीपण बंद, रोज बारा आणे मजुरी, असे ठराव झाले. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच वारली मरण पावले. या घटना मेक्सिकोंतल्या नाहींत. त्या आपल्या कुंपणाच्या आंतल्या आहेत.

यावर आपल्या वर्गाचें म्हणणें काय असतें, तें लेखकास ठाऊक आहे. "आम्ही कांहीं तरवार घेऊन आलों नाहीं, वडिलांनीं पैसे मोजून जमीन घेतली, घाम गाळून वाडी उभी केली." हें म्हणणें खोटें नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत तें अक्षरशः खरें आहे, आणि आज कित्येक वारली शेतकरीही सातबाऱ्याचे धनी आहेत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें गुन्हा ठरली, आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ सालीं झाला, वनहक्काचा कायदा २००६ सालीं झाला. तथापि लास कासासच्या काळींही कायदे चांगलेच झाले होते. कायदा मुद्रित होतो राजधानींत, आणि त्याची परीक्षा होते खळ्यावर, काट्यावर व मजुरीच्या वाटपाच्या वेळीं. चिकू उतरविण्यास मजूर मिळत नाहीं, सारे वीटभट्ट्यांवर वा वसई-मुंबईच्या बांधकामांवर जातात, ही तक्रार आपण वारंवार करतों. ते कां जातात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतों. ताईनो लोक डोंगरांत गेले तेव्हां त्यांसही आळशी म्हणण्यांत आलें होतें.

चिकूचें कलम करणारास एक गोष्ट माहीत असते. चिकूची फांदी आपण परदेशी जातीची घेतों, परंतु ती ज्या खुंटावर बांधतों तो खुंट खिरणीचा, म्हणजे रायणीचा. खिरणी आपल्या पश्चिम हिंदुस्थानच्या रानांतली, सावकाश वाढणारी, चिवट. तिच्या मुळांच्या जोरावर मेक्सिकोचें फळ येथें लागतें. म्हणून प्रत्येक चिकूच्या वाडीवर दोन ऋणें आहेत: एक, ज्यांनीं हें फळ मेक्सिकोच्या अरण्यांत जोपासलें त्यांचें, दुसरें, ज्यांनीं खिरणीचें रान राखलें त्यांचें. पहिलें ऋण फेडण्याचा मार्ग आपल्यापाशीं नाहीं. दुसऱ्याचे धनी आपल्या बांधापलीकडच्या पाड्यावर राहतात.

तें फेडण्यासाठीं मोठ्या भाषणांची जरूर नाहीं. मजुरीचा दर हंगामापूर्वीं तोंडावर सांगावा, मजुरास समजेल अशा बोलींत सांगावा, आणि ठरल्या दिवशीं हातावर ठेवावा. उचल दिली तर तिचा हिशेब त्याच्याही घरीं लिहिलेला असावा; त्याच्या घरचें शिकलेलें मूल तो वाचील. प्रत्येक बागाईतदारानें बांधावर खिरणीचीं चार झाडें लावावीं, म्हणजे खुंटासाठीं रान ओरबाडावें लागणार नाहीं. रानभाज्या, कंद, भाताच्या जुन्या जाती, नाचणी-वरईचीं बियाणीं यांविषयीं वारली स्त्रीपुरुषांस जें ठाऊक आहे, तें आपण विचारावें व सांगणाराचें नांव घालून नोंदवावें. नांव गाळून विद्या घेणें हीही एक प्रकारची लूटच होय. आणि ग्रामसभेंत पाणी, रस्ता वा रान यांचा प्रश्न निघेल, तेव्हां पाड्यावरील माणसास आधीं बोलूं द्यावें. मक्याबरोबर चुना न नेणारांनीं काय भोगलें, हें आपण वर पाहिलेंच आहे.

स्पॅनिश दर्यावर्दी शूर होते यांत संशय नाहीं. अज्ञात समुद्र ओलांडण्याचें धैर्य थोर. पण किनाऱ्यास लागल्यावर भेटलेल्या पहिल्या माणसास तुझें नांव काय, तूं हें पीक कसें करतोस, असें विचारण्याचें धैर्य त्यांच्यांतील फार थोड्यांस झालें. आपल्यास समुद्र ओलांडावयाचा नाहीं. वाडीचें फाटक उघडून पाड्यापर्यंत चालत जावयाचें आहे, आणि तेवढें अंतर आपल्या हातून खात्रीनें कापलें जाईल.